संशोधनातून व्यवस्थापनात जायचंय? मग कोणती पदवी, कधी आणि कितीला

एमएस्सी किंवा पीएचडी केलेली, पाच-सात वर्षं प्रयोगशाळेच्या बेंचवर काढलेली व्यक्ती व्यवस्थापनाकडे वळायचं ठरवते, तेव्हा पहिलाच प्रश्न बहुधा चुकीचा विचारला जातो: ‘कोणतं एमबीए चांगलं?’ उत्तरादाखल रँकिंगची यादी हातात पडते. ती यादी बनलेली असते बावीस-तेवीस वर्षांच्या इंजिनीअरसाठी. तिशीतल्या रसायनशास्त्रज्ञाला ती जवळपास निरुपयोगी आहे, कारण त्याचं वय वेगळं, अनुभवाची जात वेगळी आणि त्याला हवी असलेली नोकरीही वेगळी.

हे मार्गदर्शन एनसीएल, आयसर, आयसीटी, टीआयएफआर यांसारख्या संशोधन संस्थांत, विद्यापीठांच्या विभागांत किंवा औषध कंपन्यांच्या आर अँड डीमध्ये (संशोधन विभागात) काम करणाऱ्यांसाठी आहे. पायऱ्या क्रमाने घ्या. पहिल्या दोन पायऱ्यांवरच काही जणांच्या लक्षात येईल की एमबीएची गरजच नाही. तसं झालं तर दोन वर्षं आणि वीस-पंचवीस लाख रुपये वाचले.

पहिली पायरी: पदवीआधी खुर्ची ठरवा

‘मॅनेजमेंट’ हा शब्द फार सैल आहे. कागदावर नेमकं पदनाम लिहा आणि त्या पदाच्या दहा ताज्या जाहिराती शोधा. प्रत्येकीत एमबीए ‘आवश्यक’ या रकान्यात आहे, ‘असल्यास प्राधान्य’मध्ये आहे की कुठेच नाही, एवढंच नोंदवा. एका संध्याकाळचं काम आहे, पण फारच थोडे लोक करतात.

विज्ञानाकडून येणाऱ्यांना साधारण या वाटा दिसतात.

विश्लेषण-उपकरणं किंवा अभिकर्मकं विकणाऱ्या कंपन्यांत ॲप्लिकेशन सायंटिस्ट (ग्राहकाला उपकरणाचा वापर दाखवणारा शास्त्रज्ञ) म्हणून शिरायचं आणि तिथून प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचं. एचपीएलसी किंवा मास स्पेक्ट्रोमीटरसारखं विश्लेषण-उपकरण खरोखर चालवलेला माणूस त्यांना हवाच असतो. इथे आत शिरायला एमबीए लागत नाही. लागलंच तर वरच्या पदावर जाताना, आणि तेव्हा अर्धवेळ अभ्यासक्रमही चालतो.

औषध आणि जैवतंत्रज्ञान कंपन्यांतलं प्रकल्प व्यवस्थापन, रेग्युलेटरी अफेअर्स (औषधांच्या सरकारी मंजुऱ्यांचं काम), मेडिकल सायन्स लिएझन (डॉक्टरांशी औषधाच्या विज्ञानाबद्दल संवाद) ही कामंही विषयाच्या ज्ञानावर मिळतात. प्रकल्प व्यवस्थापनासाठी पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल) प्रमाणपत्र पुरतं. पदवीधराला त्यासाठी तीन वर्षं प्रकल्पांचं नेतृत्व केल्याचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण दाखवावं लागतं. बिझनेस डेव्हलपमेंट, लायसन्सिंग आणि पोर्टफोलिओ ठरवणारी पदं मात्र वेगळी. तिथे औषधाच्या एखाद्या रेणूची आजची किंमत काढता यावी लागते, आणि ती विद्या प्रयोगशाळेत शिकवत नाहीत.

पेटंट आणि तंत्रज्ञान हस्तांतरणाची वाट एमबीएपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. भारतात पेटंट एजंट व्हायला कायद्याची पदवी लागत नाही. विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी आणि पेटंट कार्यालयाची परीक्षा एवढं पुरे. दोन लेखी पेपर आणि तोंडी परीक्षा, प्रत्येकात किमान ५० टक्के आणि एकूण ६० टक्के गुण.

स्वतःचा उद्योग काढायचा असेल तर दोन वर्षं वर्गात बसण्यापेक्षा बायरॅक या जैवतंत्रज्ञान उद्योगाला मदत करणाऱ्या सरकारी संस्थेच्या बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँटसाठी अर्ज करणं शहाणपणाचं. १८ महिन्यांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. पुण्यात एनसीएलच्या आवारातलं व्हेंचर सेंटर अशा लोकांसाठीच आहे. ग्राहक, परवाने, रोख रक्कम ही सगळी शिकवणी तिथे आपोआप होते.

उरल्या सल्लागार कंपन्या, गुंतवणूक क्षेत्र, आणि मार्केटिंग, वित्त, ऑपरेशन्स अशी सर्वसाधारण व्यवस्थापनाची पदं. भारतात या दारांवर एमबीएचा शिक्का लागतोच, आणि तोही ठरावीक संस्थांचा. अमेरिकेत मॅकिन्झी, बीसीजी यांसारख्या कंपन्या पीएचडीवाल्यांना थेट घेतात आणि धंद्याचे पाठ स्वतः देतात. म्हणून तिथे पीएचडी किंवा पोस्टडॉक करत असाल तर एमबीएचा विचार करण्याआधी त्या भरतीत अर्ज करा.

दहापैकी सहा-सात जाहिरातींत एमबीए ‘आवश्यक’ असेल तरच पुढे वाचा.

दुसरी पायरी: आवड खरी आहे का ते तपासा

बऱ्याच जणांना व्यवस्थापनात जायचं नसतं, फक्त प्रयोगशाळेतून बाहेर पडायचं असतं. गाईडशी बिनसलेलं, तीन वेळा परत आलेला पेपर, संपत आलेली फेलोशिप. ही कारणं खरी आहेत, पण एमबीए हे त्यांच्यावरचं औषध नाही.

चाचणी अशी घ्या. आपल्या क्षेत्रातली शेअर बाजारात नोंदलेली एक कंपनी निवडा. रसायन-जैवइंधनवाल्यांनी पुण्याची प्राज इंडस्ट्रीज घ्यावी, औषधवाल्यांनी ल्युपिन किंवा डिव्हीज. तिचा वार्षिक अहवाल कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट असतो. तीन तास काढून नफा-तोटा पत्रक, ताळेबंद आणि रोख-प्रवाह पत्रक वाचा. मग एका पानावर लिहा: पैसा कुठून येतो, कुठे अडकतो, आणि नफा वाढूनही हातातली रोकड कमी का झाली असेल? सगळं समजायची अपेक्षा नाही. पण तिसऱ्या तासाला कुतूहल वाढलं की डोळे मिटायला लागले, हे प्रामाणिकपणे बघा.

नंतर एनपीटीईएल या आयआयटी-आयआयएस्सीच्या ऑनलाइन शिक्षण मंचावर वित्तीय लेखांकन आणि मार्केटिंग असे दोन अभ्यासक्रम करा. शिकणं मोफत, प्रमाणपत्राच्या परीक्षेलाच काय ते शुल्क. पुढे अर्जात ‘मला व्यवस्थापनाची ओढ आहे’ या वाक्याला पुरावा म्हणून हेच कामी येतात.

तिसरी पायरी: तुमचा अनुभव महिन्यांत मोजा

सगळा गोंधळ इथे होतो. पीएचडीची पाच वर्षं तुमच्या मते अनुभव असतात. प्रवेश देणाऱ्या बहुतेक संस्थांच्या मते ते शिक्षण असतं. जेआरएफ, एसआरएफ (कनिष्ठ आणि वरिष्ठ संशोधकांना मिळणारं विद्यावेतन) ही फेलोशिप असल्यामुळे नेमणुकीचा आदेश नसतो, पीएफ नसतो, फॉर्म १६ नसतो. म्हणून ती ‘पूर्णवेळ नोकरी’त धरत नाहीत. प्रोजेक्ट असोसिएट किंवा प्रोजेक्ट सायंटिस्ट म्हणून पगारावर काम केलं असेल, तर नेमणूकपत्र आणि अनुभवाचा दाखला दाखवून तो काळ धरून घेता येतो. पोस्टडॉकचा काळ मधल्या पट्ट्यात येतो. कुठे धरतात, कुठे नाही.

तेव्हा एक तक्ता करा: संस्था, पदनाम, सुरुवातीची तारीख, शेवटची तारीख, मिळालेली रक्कम पगार होती की फेलोशिप. तो जोडून प्रत्येक संस्थेच्या प्रवेश कार्यालयाला ईमेल करा आणि लेखी उत्तर घ्या. फोनवरचं ‘हो, चालेल’ धरून चालू नका. मुलाखत होऊन, निवड होऊन, कागदपत्र तपासणीत महिने कमी भरले म्हणून प्रवेश रद्द होऊ शकतो.

हा आकडा हाती आला की निम्मी निवड झालीच. एका वर्षाच्या एमबीएंपैकी आयएसबीच्या (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) पीजीपीला किमान २४ महिने पूर्णवेळ नोकरी लागते. आयआयएम अहमदाबादच्या पीजीपीएक्सला चार वर्षं, बंगळुरूच्या ईपीजीपीला आणि कोलकात्याच्या एमबीएईएक्सला पाच वर्षं. दोन वर्षांच्या नेहमीच्या एमबीएला अनुभवाची अटच नाही आणि त्याच्या प्रवेशपरीक्षेला, म्हणजे कॅटला, वयोमर्यादाही नाही. पदवीला ५० टक्के असले की पुरे, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना ४५.

चौथी पायरी: अभ्यासक्रमाची जात ओळखा

दोन वर्षांचं पूर्णवेळ एमबीए. याचं खरं बलस्थान म्हणजे पहिल्या वर्षानंतरची दोन-अडीच महिन्यांची समर इंटर्नशिप. उद्योगाचा अनुभव शून्य असलेल्या माणसाला कंपनीत पाय ठेवायची हीच एक अधिकृत संधी. दुबळी बाजू म्हणजे वर्ग. शेजारी बसणारे बहुतेक जण शून्य ते तीन वर्षं अनुभवाचे असतात आणि कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्याही त्याच वयाचे लोक शोधत येतात. एकतीस वर्षांच्या पीएचडीला चोवीस वर्षांच्या सहाध्यायांबरोबर त्याच पदासाठी, त्याच पगारावर रांगेत उभं राहावं लागतं. काहींना त्याचं काही वाटत नाही. ज्यांना वाटतं त्यांनी ते आधी कबूल केलेलं बरं.

नेट परीक्षा उत्तीर्ण होऊन पीएचडीला बसावं की नाही या उंबरठ्यावर असलेल्या एमएस्सी किंवा बीएस-एमएसवाल्यांना मात्र हाच अभ्यासक्रम योग्य. महाराष्ट्रात यासाठी चांगले पर्याय आहेत. आयआयटी मुंबईचं शैलेश जे. मेहता स्कूल कॅटवर प्रवेश देतं. पवईचंच आयआयएम मुंबई म्हणजे २०२३पर्यंतचं नीटी, ऑपरेशन्ससाठी नावाजलेलं. कारखाना, प्रक्रिया, पुरवठा साखळी यांकडे कल असेल तर रसायन तंत्रज्ञानवाल्यांनी त्याचा आधी विचार करावा. मुंबईतलं जमनालाल बजाज आणि पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग, म्हणजेच पुम्बा, यांचं शुल्क खासगी संस्थांच्या मानाने फार कमी आहे.

एका वर्षाचं पूर्णवेळ एमबीए. वर्ग तुमच्या वयाचा आणि अनुभवाचा, शिकवण्याचा वेग दुप्पट. पण भारतात यात इंटर्नशिप सहसा नसते, आणि कंपन्या तुमच्याकडे जुन्या अनुभवाच्या चष्म्यातूनच पाहतात. आयटीतला माणूस आयटीतच मोठ्या पदावर जातो. अकरा महिन्यांत संपूर्ण क्षेत्र बदलणं अवघड.

संशोधकाची खरी कोंडी हीच: दोन वर्षांच्या वर्गात तो वयाने मोठा, एका वर्षाच्या वर्गात अनुभवाने कोरा. आमच्या मते यातून सुटायचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे पीएचडीनंतर लगेच एमबीएला न जाणं. आधी दोन ते तीन वर्षं उद्योगात काढा. औषध कंपनीत, सीआरओमध्ये (कंत्राटी संशोधन करणाऱ्या कंपनीत), उपकरण कंपनीत, कुठेही. मग एका वर्षाच्या अभ्यासक्रमाला जा. महिने भरतात, फॉर्म १६ मिळतो, शिफारसपत्र गाईडऐवजी वरिष्ठ व्यवस्थापकाचं जोडता येतं, आणि मुलाखतीत बोलायला धंद्याचे प्रसंग असतात. उशीर झाल्यासारखं वाटतं, पण बाहेर पडताना मिळणारं पद एक-दोन पायऱ्या वरचं असतं.

अर्धवेळ किंवा शनिवार-रविवारचं एक्झिक्युटिव्ह एमबीए. सध्याच्याच संस्थेत वर जायचं असेल तर उत्तम. शास्त्रज्ञ पदावरून नियोजन विभागाकडे, आर अँड डीतून पोर्टफोलिओकडे. क्षेत्र बदलायचं असेल तर निरुपयोगी, कारण कॅम्पस भरती बहुधा नसतेच. एक घोटाळा टाळा: ‘एक्झिक्युटिव्ह’ हा शब्द एका वर्षाच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमालाही लावतात, अर्धवेळ पदवीलाही, आणि एखाद्या ऑनलाइन कंपनीमार्फत विकल्या जाणाऱ्या सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रालाही. माहितीपत्रकात शेवटी काय मिळणार हे शोधा: पदवी, पदविका की नुसतं प्रमाणपत्र. ते पहिल्या पानावर क्वचितच असतं.

ऑनलाइन आणि दूरस्थ एमबीए. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या मान्यता यादीत विद्यापीठ आणि तो अभ्यासक्रम दोन्ही असतील तर पदवी वैध. सरकारी बढतीसाठी उपयोगी, क्षेत्र बदलायला नाही. आणि एक बारकावा बऱ्याच जणांना ठाऊक नसतो: यूजीसीने २०२२मध्ये एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायची मुभा दिली, ती पीएचडीला लागू नाही. पीएचडीची नोंदणी चालू असताना ऑनलाइन एमबीएला नाव घातलं तर दोन्हीकडे अडचण येऊ शकते.

क्षेत्रनिहाय पदव्या. मोहालीच्या नायपर या औषधनिर्माण शिक्षणसंस्थेचं एमबीए फार्म एमएस्सीवाल्यांनाही खुलं आहे, मुंबईत एनएमआयएमएसचं औषधनिर्माण व्यवस्थापनाचं एमबीए आहे. औषध क्षेत्रातच राहायचं पक्कं असेल तर यांचा विचार जरूर करावा. नसेल तर अशी पदवी पुढे अडसर ठरते. परदेशात केंब्रिज विद्यापीठाचा बायोसायन्स एंटरप्राइज आणि कॅलिफोर्नियातल्या केक ग्रॅज्युएट इन्स्टिट्यूटचा मास्टर ऑफ बिझनेस अँड सायन्स हे अभ्यासक्रम खास विज्ञानातून येणाऱ्यांसाठीच बेतलेले आहेत.

परदेशी एमबीएबद्दल थोडक्यात. अमेरिकेत दोन वर्षं, मध्ये इंटर्नशिप. अभ्यासक्रम स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) म्हणून नोंदलेला असेल तर १२ महिन्यांच्या ओपीटीवर (शिक्षणानंतर मिळणारी कामाची परवानगी) आणखी २४ महिने काम करता येतं. अर्ज करण्याआधी ही नोंद आहे का ते पाहाच. युरोपात एक वर्षाकडे कल. इन्सीआडचा अभ्यासक्रम दहा महिन्यांचा, तर ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचा एका वर्षाचा. व्हिसाचे नियम बदलत राहतात, त्यामुळे मित्राच्या तीन वर्षांपूर्वीच्या माहितीवर विसंबू नका.

आणि एक गोष्ट चुकूनही गल्लत करू नये अशी: व्यवस्थापनातली पीएचडी किंवा फेलो प्रोग्रॅम हा प्राध्यापक व्हायचा रस्ता आहे. संशोधनातून बाहेर पडायला निघालेला माणूस पुन्हा संशोधनात जाऊन बसेल.

एमबीए की पीजीडीएम? विद्यापीठ एमबीए देतं, एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेने मान्य केलेल्या स्वायत्त संस्था पीजीडीएम ही पदव्युत्तर पदविका देतात. आयआयएमना पदवी द्यायचा अधिकार २०१७च्या कायद्याने मिळाला, तोवर त्याही पदविकाच देत होत्या. खासगी नोकरीत कोणी विचारत नाही. पुढे सरकारी किंवा विद्यापीठीय पदाचा विचार असेल तर पीजीडीएमला असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजची समकक्षता आहे का, ते तपासा.

पाचवी पायरी: खरा खर्च मांडा

शुल्क हा खर्चाचा एक भाग झाला. बुडालेला पगार हा दुसरा, आणि तो मांडायचा बहुतेक जण विसरतात. हिशोबासाठी महिना ८०,००० रुपये पगार धरू.

दोन वर्षांचा अभ्यासक्रम, शुल्क २५ लाख: बुडालेला पगार १९ लाख २० हजार, एकूण ४४ लाख २० हजार. एका वर्षाचा, शुल्क ३५ लाख: बुडालेला पगार ९ लाख ६० हजार, एकूण ४४ लाख ६० हजार. माहितीपत्रकात दहा लाखांनी महाग दिसणारा अभ्यासक्रम प्रत्यक्षात बरोबरीला आला, आणि तो करणारा एक वर्ष आधी कमवायला लागतो. उलट सरकारी अनुदानित संस्थेत शुल्क सात लाख असेल, तर दोन वर्षांचा एकूण खर्च २६ लाख २० हजार. तुमचा पगार आणि संस्थेचं चालू वर्षाचं शुल्क घालून हाच हिशोब स्वतः करा. जे नुकतेच फेलोशिपवरून उतरलेत, त्यांचा बुडणारा पगार कमी असतो, म्हणून त्यांना दोन वर्षं तुलनेने परवडतात.

कर्ज घेतलं तर २५ लाखांना १० टक्के व्याजाने दहा वर्षांचा हप्ता महिना साधारण ३३,००० रुपये पडतो. आज हातात येणाऱ्या पगाराशी तो ताडून पाहा. स्वप्नातल्या पगाराशी नको. सरकारी बँकांत सर्वसाधारणपणे साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, त्यावर लागतं. नामांकित संस्थांसाठी मात्र स्टेट बँकेची स्कॉलर लोनसारखी विनातारण योजना असते, म्हणून ‘संस्था बँकेच्या यादीत आहे का’ हा प्रश्न प्रवेशाआधीच शाखेत विचारावा. व्याजावर आठ वर्षांपर्यंत आयकरात वजावट मिळते, पण जुन्या करप्रणालीतच. पोस्टडॉकच्या काळात सिबिल बिघडवून ठेवलं असेल, क्रेडिट कार्डाचे हप्ते चुकवले असतील, तर ते सहा महिने आधी निस्तरा.

महाराष्ट्रात आणखी एक: राज्याच्या शुल्क सवलतीच्या योजना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून आलेल्यांनाच मिळतात. तीच संस्था, तोच वर्ग, पण व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की सवलत गेली. अधिवास दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर आणि उत्पन्नाचा दाखला उन्हाळ्याआधी काढून ठेवा. जून-जुलैत सेतू केंद्रावरची रांग बघवत नाही.

सहावी पायरी: परीक्षा एकच निवडा

कॅट, जीमॅट, सीईटी, स्नॅप, झॅट या सगळ्या प्रवेशपरीक्षांची तयारी एकदम करणारे बहुधा कशातच चमकत नाहीत. अभ्यासक्रम ठरला की परीक्षा आपोआप ठरते.

दोन वर्षांच्या आयआयएमसाठी कॅट. नोव्हेंबरच्या अखेरीस, वर्षातून एकदाच, तीन विभाग, प्रत्येकी ४० मिनिटं. बरोबर उत्तराला तीन गुण, चुकलेल्या पर्यायी उत्तराला एक गुण वजा, टाइप करायच्या उत्तराला वजाबाकी नाही. गुण त्या वर्षापुरतेच. गणित दहावीच्या पातळीचं असतं, तरी संशोधक तिथेच घसरतात, कारण हात सिद्धतेला बसलेला असतो. प्रश्न पूर्ण सोडवल्याशिवाय सोडवत नाही. कॅटमध्ये कोणता प्रश्न सोडून द्यायचा, हे ओळखणंच कौशल्य. त्यासाठी वीसेक सराव परीक्षा घड्याळ लावून द्याव्या लागतात, पुस्तकं वाचून हे येत नाही. शिवाय आयआयएम दहावी, बारावी आणि पदवीच्या गुणांनाही वजन देतात. दहावीत ७० टक्के असतील तर ‘नेचर’ नियतकालिकातला पेपरही ते भरून काढत नाही. अशांनी कॅटऐवजी जीमॅटच्या वाटेचा गंभीरपणे विचार करावा.

एका वर्षाच्या आणि परदेशी अभ्यासक्रमांसाठी जीमॅट किंवा जीआरई. जीमॅटचं सध्याचं रूप २०२३च्या अखेरीस आलं: तीन विभाग, प्रत्येकी ४५ मिनिटं, गुण २०५ ते ८०५. जुन्या ८००च्या मोजपट्टीशी हे गुण थेट जुळत नाहीत, त्यामुळे जुन्या संकेतस्थळांवरचे ‘७२० पाहिजेत’ असले सल्ले विसरा. तक्ते-आलेखांचा डेटा इनसाइट्स हा विभाग संशोधकांना जमतो. गुण पाच वर्षं चालतात. म्हणजे प्रबंधाची सिनॉप्सिस देऊन व्हायव्हाची वाट पाहत असतानाच परीक्षा देऊन ठेवता येते आणि दोन-तीन वर्षं नोकरी करून मग अर्ज करता येतो. वर सुचवलेल्या मार्गाला हे अगदी जुळतं.

महाराष्ट्राच्या सीईटीत २०० प्रश्न, १५० मिनिटं आणि चुकीला वजाबाकी नाही. म्हणून एकही उत्तर कोरं ठेवायचं नाही. वेगाची परीक्षा आहे, बुद्धीची कमी.

सातवी पायरी: अर्ज आणि मुलाखत

संशोधकांचे अर्ज एका नजरेत ओळखू येतात: पहिला परिच्छेद विषयाची पार्श्वभूमी, दुसरा पद्धत, तिसरा निष्कर्ष. तो गोषवारा झाला. अर्ज वाचणाऱ्याला तुमच्या उत्प्रेरकात रस नसतो, तुम्ही माणसं, पैसा आणि अडचणी कशा हाताळल्या यात असतो. आणि ते तुम्ही केलेलं असतंच, फक्त त्याला व्यवस्थापन म्हणत नाही. लाखो रुपयांच्या उपकरणाचा इंडेंट (मागणीपत्र), तीन कोटेशन, खरेदी समितीपुढची बाजू, जेम या सरकारी खरेदी पोर्टलवरची निविदा, वार्षिक देखभाल करारावरून (एएमसी) विक्रेत्याशी घातलेला वाद, दोन जेआरएफना शिकवून उभं करणं, सहयोगी प्रयोगशाळेकडून वेळेत नमुने मिळवणं. प्रत्येक गोष्टीपुढे आकडा लिहा: किती रुपये, किती माणसं, किती महिने वाचले. ‘आम्ही केलं’ ही संशोधनाची नम्र भाषा इथे मारक ठरते. नेमकं तुम्ही काय केलं ते लिहा.

शिफारसपत्राबाबत गाईडशी आधी स्पष्ट बोला. ‘अत्यंत हुशार, ११ शोधनिबंध’ असं पत्र पीएचडीनंतरच्या पोस्टडॉकला चालतं, इथे वाया जातं. सरांना किंवा मॅडमना दोन-तीन प्रसंगांची आठवण करून देणारं टिपण द्या. पत्र त्यांनीच लिहायचं.

मुलाखतीतला ठरलेला प्रश्न: ‘इतकी वर्षं विज्ञानात घालवलीत, एक संशोधक घडवायला सरकारने खर्च केला, आता एमबीए का?’ विज्ञानाला नावं ठेवणारं उत्तर पडतं. ‘मला नेतृत्व करायचंय’ हेही पडतं. टिकतं ते पहिल्या पायरीतल्या खुर्चीशी जोडलेलं उत्तर: अमुक पद, तिथे विज्ञान एवढं लागतं, धंद्याची ही दोन अंगं मला येत नाहीत, ती या अभ्यासक्रमात अशी मिळतील. प्रबंधाचा विषय दोन मिनिटांत, वाण्याच्या दुकानात उभं राहून सांगता येईल अशा भाषेत तयार ठेवा. हमखास विचारतात.

आठवी पायरी: बाहेर पडायची वेळ

प्रबंध अर्धा टाकून एमबीएला जाऊ नका. प्रवेशाची वेळ जून आणि प्रबंध ‘जवळजवळ झालाय’ ही जोडी सर्वांत धोक्याची. पहिल्या सत्राचा भार असा असतो की लिखाण थांबतं आणि मग नोंदणीची मुदत संपते. प्रबंध सादर झाल्याची पावती हाती आल्यावरच प्रवेशाचे पैसे भरा. पीएचडी सोडायचंच ठरलं असेल तर अर्धवट न ठेवता रीतसर सोडा. फेलोशिपच्या अटी वाचा, नादेय दाखला घ्या, मूळ गुणपत्रिका परत मिळवा. संस्थेकडे अडकलेल्या कागदांपायी मिळालेली जागा हातची जाते.

केंद्र सरकारी संस्थेत कायम नोकरीत असलेल्यांना अध्ययन रजेचा मार्ग असतो. साधारण पाच वर्षांच्या सेवेनंतर, संपूर्ण सेवेत मिळून २४ महिन्यांपर्यंत, आणि परतल्यावर सेवा करायचं बंधपत्र देऊन. अभ्यासक्रमाचा कामाशी संबंध दाखवावा लागतो. परतायचा इरादा नसेल तर ही रजा घेऊ नका, बंधपत्राची रक्कम भरावी लागते. अर्ज करतानाच ना हरकत प्रमाणपत्र मागा. खात्यात ते टेबलावरून टेबलावर फिरायला दोन-तीन महिने सहज लागतात.

नववी पायरी: निवड झाल्यावर काय तपासायचं

दोन पत्रं हातात आली की प्लेसमेंट अहवाल उघडा. सरासरी पगार बघू नका, मध्यक बघा. दोन मोठ्या परदेशी पगारांनी सरासरी कशी वर जाते, हे संशोधकाला सांगायला नको. एकूण सीटीसीतला निश्चित भाग किती आणि जॉइनिंग बोनस किती, हे वेगळं काढा. आयआयएम अहमदाबादच्या पुढाकाराने बनलेल्या प्लेसमेंट अहवालाच्या मानकांनुसार अहवाल केलेला असेल आणि तो लेखापरीक्षित असेल, तर भरवसा जास्त.

मग लिंक्डइनवर त्या संस्थेचे गेल्या पाच वर्षांतले पीएचडी किंवा एमएस्सी पार्श्वभूमीचे माजी विद्यार्थी शोधा. किमान पाच जण. ते आज कुठे आहेत? तुम्ही पहिल्या पायरीत लिहिलेल्या पदनामाच्या आसपास दोघे-तिघे तरी आहेत का? त्यांना थोडक्यात, नेमका प्रश्न लिहा: ‘तुमच्या वर्गातल्या तिशीपुढच्यांना कॅम्पसवर किती मुलाखती मिळाल्या?’ ‘अभ्यासक्रम कसा आहे?’ असं विचारलं तर ‘छान आहे’ एवढंच उत्तर येतं. पाच जण सापडलेच नाहीत, तर संस्था कितीही नावाजलेली असो, तुमच्यासारख्यांसाठी तिथे पायवाट पडलेली नाही, असं समजून दुसऱ्या पत्राकडे वळा.

शेवटी शुल्क परताव्याची अट. एआयसीटीई-मान्य संस्थेत वर्ग सुरू होण्याआधी प्रवेश सोडला तर किरकोळ प्रक्रिया शुल्क वजा करून पैसे परत द्यावे लागतात. आयआयएम आणि परदेशी विद्यापीठांचे नियम आपापले, आणि तिथली अनामत बहुधा परत मिळत नाही. पहिला हप्ता भरण्याआधी त्या पानाची प्रत काढून ठेवा, तारखेसकट.